घोरपडबाई आणि चैत्रातला बर्फ

एका जंगलात एक दवाखाना होता.

आता तुम्ही विचाराल, जंगलात दवाखाना कशाला? बरोबर आहे, मुलांनो. पूर्वी जंगलात आजारी पडणं फार सोपं होतं. कुणी आजारी पडलं की दुसरं कुणीतरी यायचं आणि खाऊन टाकायचं. औषधपाण्याची कटकट नव्हती. पण शेजारच्या जंगलात दवाखाना झाला, म्हणून आपल्या राजालाही तो हवासा झाला. सुधारणा या अशाच होतात.

दवाखाना मोठा देखणा होता. भिंती कुडाच्या, दारं कारवीची, छप्पर वाळक्या गवताचं, गाद्या पालापाचोळ्याच्या. स्वयंपाकघराची चूल हाडमोड्या रुग्णांच्या वॉर्डाला खेटून होती. त्यामुळे रुग्णांना थंडीत ऊब मिळायची आणि पेजेचा वास बारा महिने मिळायचा. पेज मिळायचीच असं नाही.

या दवाखान्याचे अधीक्षक होते डॉ. भेकर. भेकर तुम्हाला माहीत आहे ना? हरणासारखं, बारक्या शिंगांचं. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं आणि सारं रान सावध करतं. डॉक्टरांचे वडील भुंकायचे, आजोबा भुंकायचे. डॉक्टर मात्र खुर्चीत बसल्यापासून एकदाही भुंकले नव्हते. भुंकणाऱ्याला बढती मिळत नाही हे त्यांना लहान वयातच कळलं होतं. हुशार होते.

आणि मेट्रन होत्या घोरपडबाई. दवाखाना म्हणजे डॉक्टर असं पाटीवर लिहिलेलं असतं. आत गेल्यावर कळतं की दवाखाना म्हणजे मेट्रन. घोरपडबाईंची पकड जबरदस्त होती. त्यांच्या खापरपणजीनं म्हणे कुणा शूरवीराला दोर लावून कडा चढवला होता. हे त्या रोज कुणाला ना कुणाला सांगायच्या. ऐकून ऐकून रुग्ण लवकर बरे व्हायचे.

दवाखान्यामागचं वारूळ बाईंना क्वार्टर म्हणून मिळालं होतं. त्या वर्षी त्या वारुळात त्यांनी अंडी घातली होती. घोरपडीची अंडी एकदा ठेवली की हलवायची नसतात. हलवली की आतलं पिल्लू गेलंच म्हणून समजा. म्हणून बाई दिवसातून दहा वेळा वारुळात डोकावून यायच्या आणि परत येऊन दहा जणांना रागवायच्या.

आता या जंगलातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तुमच्या घरीही ती असेल. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. का? तर वास्तू म्हणे सारखी 'तथास्तु, तथास्तु' म्हणत असते. आपण काही अभद्र बोललो आणि नेमकं त्याच वेळी तिनं तथास्तु म्हटलं, तर झालंच!

त्यामुळे त्या जंगलात तांदूळ संपत नसत, वाढत. बांगडी फुटत नसे, वाढत असे. दवाखान्यात जुलाबाचं औषध संपलं तेव्हा डॉ. भेकरांनी राजधानीला कळवलं, "औषध वाढलं." राजधानीनं अभिनंदन कळवलं आणि औषध पाठवलं नाही. तो महिना कसा गेला ते विचारू नका.

तर एके दिवशी राजधानीहून हुकूम आला. प्रत्येक दवाखान्यानं आपल्यावर कोणकोणती संकटं येऊ शकतात याचं मूल्यमापन करावं. प्रत्येक संकटाला गुण द्यावेत. ते येण्याची शक्यता किती याचे पाचपैकी गुण, आल्यास नुकसान किती याचे पाचपैकी गुण, आणि दोन्हींचा गुणाकार. ज्याचा गुणाकार सगळ्यात मोठा, त्याची तयारी आधी करावी. तयारीची तालीम पाहायला तपासनीस येतील. तालीम पसंत पडली तर दवाखान्याला मानांकन मिळेल.

हुकूम शहाणपणाचा होता. असे हुकूम कधीमधी चुकून निघतात.

डॉ. भेकरांनी समिती बसवली. समितीत स्वतः डॉक्टर, मेट्रन घोरपडबाई, कोठीवाले रानडुक्कर आणि पिंगळाशास्त्री. पिंगळा म्हणजे ते छोटं घुबड, भल्या पहाटे भविष्य सांगणारं. दवाखान्याशी त्याचा काय संबंध, असं विचारू नका. समितीत शास्त्रीबुवा असावेतच लागतात. नाहीतर मुहूर्त कोण काढणार?

"हं," डॉक्टर म्हणाले, "सांगा पाहू, आपल्या दवाखान्यावर काय संकट येऊ शकतं?"

रानडुक्कर जमिनीकडे बघू लागलं. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

घोरपडबाईंना वाटलं, यात एवढं काय अवघड आहे? वर गवत, खाली पालापाचोळा, शेजारी चूल. होळी झाली की डोंगरावर वणवे पेटतातच. परवाच एक ठिणगी सांबररावांच्या गादीवर पडली होती. सांबररावांचा पाय मोडलेला, वेलीनं टांगलेला. ते बिचारे फुंकर मारत राहिले आणि बाईंनी शेपटीनं ठिणगी चिरडली.

"आग," बाई म्हणाल्या.

मुलांनो, काय सांगू! शास्त्रीबुवा आढ्यावरून खालीच आले. रानडुकरानं कानावर खूर ठेवले. डॉक्टरांच्या तोंडचा रवंथ घशात अडकला.

"शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला..." शास्त्रीबुवा ओरडले आणि म्हण तिथेच गिळून बसले. कारण म्हणीचा पुढचा शब्द तोच होता. "बाई! दवाखान्याच्या छपराखाली बसून हे बोलता? वास्तूनं तथास्तु म्हटलं असतं म्हणजे?"

"पण शास्त्रीबुवा, आपल्याला संकटंच तर लिहायची आहेत ना?"

"लिहायची. पण येणारी नव्हेत! उद्या खरंच आलं म्हणजे जबाबदार कोण? जे नाव घेतील ते!"

मग त्यांनी बाईंवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि दृष्ट काढून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या आणि चार ठिणग्या उडाल्या. एक थेट सांबररावांच्या गादीवर. बाईंनी जाऊन ती चिरडली आणि परत येऊन बसल्या. ती कुणी पाहिली नाही. पाहिली असती तरी नाव घेतलं नसतं.

"आता मी सांगतो ते ऐका," शास्त्रीबुवा म्हणाले. "संकट असं निवडायचं, की वास्तूनं हजारदा तथास्तु म्हटलं तरी ते आणायला तिला जमलं नाही पाहिजे."

समितीला हे फारच पटलं. सगळ्यांना एकदम कंठ फुटला. रानडुक्कर म्हणालं, "जहाज बुडणं." समुद्र कुणीच पाहिला नव्हता, म्हणून ते लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "ज्वालामुखी." पण त्याच्या पोटात 'ती' असते, म्हणून तो खोडला. शेवटी शास्त्रीबुवांनीच तोडगा काढला.

"हिमवर्षाव!"

"वा!" डॉक्टर म्हणाले. "पण शक्यतेचे गुण किती द्यायचे? आपल्याकडे पडतच नाही. शून्य द्यावं लागेल."

"शून्य?" रानडुक्कर म्हणालं. "साहेब, आपल्याच दवाखान्याच्या संकटाला आपणच नापास करायचं? राजधानीत काय तोंड दाखवणार?"

हाही मुद्दा होता. हिमवर्षावाला शक्यतेचे पाचपैकी पाच दिले. नुकसानीचेही पाच दिले. पैकीच्या पैकी मिळवून हिमवर्षाव पहिला आला. समितीनं टाळ्या वाजवल्या.

बैठक संपल्यावर डॉ. भेकर घोरपडबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमचं काम फार चांगलं आहे. तुमची अंडीही आमच्या वारुळात आहेत, नाही का?"

"आमच्या म्हणजे?"

"म्हणजे दवाखान्याच्या. क्वार्टर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबरच जातं. आता तुम्ही तो शब्द पुन्हा उच्चारलात, तर मला वरून विचारणा होईल. मी मऊ मनाचा आहे, मला तुमच्याविरुद्ध लिहिताना वाईट वाटेल. पण लिहीन."

बाईंनी वारुळाकडे पाहिलं. वरून दिसायला तो मातीचा ढिगाराच. पण आत त्यांचं सगळं जग होतं. पिल्लं बाहेर यायला अजून दिवस होते.

"नाही उच्चारणार," बाई म्हणाल्या.

घोरपडबाई घाबरल्या होत्या, मुलांनो. पकड घट्ट असली म्हणून भीती वाटत नाही असं नाही. उलट धरून ठेवायला काहीतरी असतं, म्हणूनच भीती वाटते.

मग हिमवर्षावाची तयारी जोरात सुरू झाली. रुग्णांसाठी वाळक्या गवताची जाडजूड पांघरुणं विणली. रानडुकरानं डोंगरभर फिरून सुकी लाकडं आणली आणि भिंतींच्या कडेनं रचली. प्रत्येक वॉर्डात मधोमध शेकोटीसाठी खड्डा खणला. गार वारा आत येऊ नये म्हणून दारं वेलींनी आवळून बांधायचं ठरलं.

रुग्णांना धडे दिले. घंटा वाजली की बर्फ पडू लागला असं समजावं. बाहेर मुळीच जाऊ नये. शेकोटीजवळ सरकावं. पांघरूण डोक्यावरून घ्यावं. कितीही हालचाल ऐकू आली तरी डोकं बाहेर काढू नये.

"आणि उकडलं तर?" साळिंदरतात्यांनी विचारलं. तात्या जुने रुग्ण. पोटदुखीसाठी आले होते आणि भांडणासाठी राहिले होते.

"उकडलं तर तयारी यशस्वी झाली असं समजायचं," डॉक्टर म्हणाले.

घोरपडबाई हे सगळं पाहत होत्या. एकदा त्यांनी धीर करून डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, नाव नाही घेत. पण 'ती' आली, तर हे सगळं म्हणजे तिला पाटपाणी करून ठेवल्यासारखं आहे."

"कोण ती?"

"ती हो. लाल."

"मला तर कुणी दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. आणि खरंच, त्यांनी डोळे मिटले होते.

चैत्रात तपासनीस आले. गिधाडसाहेब. दवाखाने तपासायला गिधाडाला कुणी नेमलं ते ठाऊक नाही. पण ते वॉर्डात शिरून मान वळवून पाहू लागले की निम्मे रुग्ण आपोआप बरे होऊन घरी जात. त्यामुळे त्यांचा अहवाल नेहमी उत्तम असे.

भर दुपारची वेळ. ऊन असं, की दगडावर पाय ठरेना. गिधाडसाहेबांना हाडमोड्यांच्या वॉर्डातच उच्चासन दिलं, हार घातला. आता प्रश्न आला बर्फाचा. चैत्रात बर्फ कुठून आणणार? पण डॉ. भेकरांनी सोय केली होती. त्या दिवसांत काटेसावरीची बोंडं फुटतात ना? वानरांकडून त्यांचा पांढराशुभ्र कापूस गोळा केला होता. तो उडून जाऊ नये म्हणून पाण्याचे रांजण रिकामे करून त्यांत ठासून भरला होता.

घंटा वाजली. वानरांनी छपरातून कापूस सोडला. काय सुंदर दृश्य होतं! पांढरं पांढरं, तरंगत तरंगत. गिधाडसाहेबांच्या टकलावर अलगद उतरलं. दारं वेलींनी बांधली गेली. सांबररावांनी टांगलेल्या पायासकट पांघरूण ओढलं. सगळे रुग्ण पांघरुणाखाली गडप झाले. शास्त्रीबुवाही झाले, कारण त्यांना दिवसा तसंही दिसत नाही.

आणि रानडुकरानं शेकोटी पेटवली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही समितीत नाही, म्हणून तुम्हाला कळतं.

कापसानं पेट घेतला. तो तरंगत वर गेला आणि छप्पर फुरफुरलं. भिंतीकडची लाकडं तडतडू लागली. सगळीकडे धूर झाला.

"वा," गिधाडसाहेब खोकत म्हणाले, "धुकंसुद्धा आणलंत! तालीम फार हुबेहूब आहे हो."

डॉ. भेकरांनी वर पाहिलं. त्यांना सगळं दिसलं. वाडवडिलांचं भुंकणं त्यांच्या घशापर्यंत आलं. अगदी दातांपर्यंत आलं. मग त्यांनी गिधाडसाहेबांकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"हिमवर्षाव वाढला!" ते ओरडले. "कुणीही बाहेर जाऊ नये!"

रुग्णांनी पांघरुणं आणखी घट्ट ओढली. बिचारे आज्ञाधारक होते. शिकवलेलं सगळं त्यांनी नीट पाठ केलं होतं.

घोरपडबाई दाराच्या बाहेर उभ्या होत्या. पाठीमागे वारूळ, पुढे धूर. त्यांनी दारावर डोकं आपटलं. "बाहेर या! बाहेर या!" आतून सांबररावांचा आवाज आला, "नाही यायचं, बाई. बर्फ पडतोय."

एकच शब्द होता, जो ऐकून ते उठले असते. आणि तोच शब्द उच्चारला की वारूळ जाणार होतं. बाईंनी मागे वळून वारुळाकडे पाहिलं. त्यांना रडू आलं. घोरपडीला रडताना कुणी पाहिलेलं नाही, पण तेव्हा पाहणार कोण होतं? सगळे पांघरुणात होते.

मग बाईंनी जिवाच्या आकांतानं हाक दिली.

"आग! अरे, आग लागलीय! उठा मेल्यांनो, आग!"

हा शब्द कानी पडताच सगळी पांघरुणं एकदम उडाली. सगळ्यांत आधी दाराकडे धावले शास्त्रीबुवा, पण दार बांधलेलं. बाईंनी वेल दातांनी तोडली, दार उपसून फेकलं आणि आत घुसल्या. सांबररावांचा टांगलेला पाय सोडवला आणि खापरपणजीच्या पकडीनं त्यांना फरफटत बाहेर ओढलं. साळिंदरतात्या स्वतःच निघाले. ते मागून येत होते, म्हणून त्यांच्या पुढचे सगळे फारच वेगानं निघाले.

सगळे वाचले. एकूण एक. गिधाडसाहेबांचा चेहरा तेवढा जरासा पडला.

विझवायला रांजण आणले, तर त्यांत उरलेला कापूस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं म्हणतात. इथे तर बंबातच सरपण भरलेलं होतं. दवाखान्याची राख झाली. मागचं वारूळ मातीचं, म्हणून ते तेवढं शाबूत राहिलं.

अर्थातच चौकशी झाली. चौकशीला पिंगळाशास्त्री बसले. त्यांनी प्रत्येक साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही आधी शब्द ऐकलात, की आधी ज्वाळा पाहिल्यात?"

साक्षीला फक्त रुग्णांना बोलावलं होतं आणि ते सगळे प्रामाणिक होते. सगळ्यांच्या डोक्यावर पांघरूण होतं. सगळ्यांनी आधी शब्द ऐकला होता, मग पांघरूण काढलं होतं आणि मग ज्वाळा पाहिल्या होत्या.

"सांबरराव, तुम्ही?"

"आधी शब्द," सांबरराव म्हणाले. "मग ज्वाळा. आणि मग बाईंनी माझा पाय ओढला. तो आता आणखी दुखतोय, हेही लिहून घ्या."

झालं. शब्द आधी, ज्वाळा नंतर. यापेक्षा चोख पुरावा कुठला? बाईंनी नाव घेतलं, वास्तूनं तथास्तु म्हटलं आणि दवाखाना जळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तीही रीतसर.

हिमवर्षावाचा निकाल वेगळा लागला. तालमीच्या दिवशी थंडीनं एकही रुग्ण दगावला नव्हता. कुणाला साधी शिंकही आली नव्हती. गिधाडसाहेबांनी पूर्वतयारी शंभर टक्के यशस्वी ठरवली आणि मानांकन दिलं. मानपत्र टांगायला भिंत उरली नव्हती, म्हणून ते डॉ. भेकरांच्या शिंगाला टांगलं. ते त्यांना शोभूनही दिसलं.

डॉक्टर मऊ मनाचे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. नोकरीवरून काढल्याचा हुकूम घेऊन ते स्वतः वारुळापाशी आले.

"बाई, एक मार्ग आहे. तुम्ही म्हणा की मी 'बर्फ' म्हणून ओरडले. बाकीच्यांनी चुकीचं ऐकलं. मग मी सगळं मिटवतो. क्वार्टरही राहील."

बाईंनी वारुळात डोकावून अंडी पाहिली. अंड्यांसाठी त्यांनी याहून मोठं खोटंही पचवलं असतं. पण हे घशाखाली उतरेना.

"मी बर्फ म्हणून ओरडले असते ना साहेब," त्या म्हणाल्या, "तर आज हा हुकूम आणायला तुम्ही आला नसता. घोरपड एकदा धरलेलं सोडत नाही. हुकूम ठेवा तिथे."

दुसऱ्या दिवशी वारूळ रिकामं करून घ्यायला रानडुक्कर आलं. बघतं तर वारुळाच्या तोंडाशी साळिंदरतात्या बसलेले. काटे उभे.

"तात्या, उठा. वारूळ ताब्यात घ्यायचंय."

"मला विश्रांती सांगितलीय डॉक्टरांनी," तात्या म्हणाले. "कुठे घ्यायची ते सांगितलेलं नाही."

रानडुकरानं एकदा ढकलून पाहिलं. मग ते बरेच दिवस नाकातले काटे काढत होतं. तात्या पिल्लं बाहेर येईपर्यंत तिथून हलले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोट दुखतंय." पिल्लं निघाली, तुरुतुरु चालू लागली, तेव्हाच त्यांचं पोट दुखायचं थांबलं. घोरपडबाई पिल्लं घेऊन समोरच्या कड्यावर राहायला गेल्या.

दवाखाना पुन्हा बांधला. त्याच जागी, त्याच गवताचा. चूलही वॉर्डाला खेटूनच घातली, कारण रुग्णांना तिची सवय होती.

आणि पुन्हा हुकूम आला. संकटांचं मूल्यमापन करा.

या वेळी समितीला विचार करावा लागला नाही. सगळे एकमुखानं म्हणाले, "घोरपड!"

शक्यता? पाचपैकी पाच, ती समोरच राहते. नुकसान? पाचपैकी पाच, मागचा दवाखाना तिनंच घालवला. तिचं नाव घ्यायला कुणाला भीती वाटली नाही. बाईमाणसाचं नाव घ्यायला कुणाला कधी वाटते?

"आता तयारी," डॉक्टर म्हणाले. "दारं बांधायची का?"

"उपयोग नाही," रानडुक्कर म्हणालं. "ती दार उपसते. मी पाहिलंय. उलट दार बांधलेलं असलं तर आपणच आत अडकतो. मोकळी ठेवा."

"पांघरूण घ्यायचं का?"

"ती ओढून काढते. पांघरुणंच नकोत."

"आणि तिचा शब्द कानावर पडता कामा नये," शास्त्रीबुवा म्हणाले. "ती दिसली की ऐकू येणार नाही इतकं लांब पळायचं. ओढ्यापलीकडच्या उघड्या कातळावर."

"ज्यांना चालता येत नाही, ते?"

"त्यांना वाहून न्यायला आधीच माणसं नेमायची," रानडुक्कर म्हणालं. माणसं म्हणजे प्राणी, मुलांनो. "सांबररावांना गवा उचलेल. नाहीतर ती त्यांना पुन्हा ओढेल."

दर आठवड्याला तालीम होऊ लागली. 'घोरपड आली!' अशी हाक झाली की दारं उघडी, गवा सांबररावांना उचलतो आहे, रुग्ण रांगेनं ओढा ओलांडताहेत. साऱ्या जंगलात इतका सज्ज दवाखाना नव्हता. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, हे खरं. पण इंजेक्शन मात्र अगदी बरोबर टोचलं होतं.

साळिंदरतात्या अधूनमधून कड्यावर गप्पा मारायला जात. त्यांनी बाईंना हे सगळं सांगितलं. बाईंना फार लागलं. ज्यांना धुरातून ओढून काढलं, ते आपल्या नावानं पळायचा सराव करतात! त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पिल्लांना उगीचच रागावल्या.

पुढच्या चैत्रात डोंगरामागून धूर उठला. वणवा होता. वारा दवाखान्याच्या दिशेनं. खाली चुलीवर पेज रटरटत होती आणि डॉ. भेकर दुपारची डुलकी घेत होते.

"आई, तू ओरड ना!" एक पिल्लू म्हणालं.

"ओरडून काय होणार? कानात बोटं घालतील."

मग बाई थांबल्या. तात्यांनी सांगितलेलं त्यांना आठवलं. त्या उठल्या, पिल्लांना कपारीत बसवलं आणि तडक कडा उतरून खाली गेल्या. दवाखान्याच्या फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. तोंडातून एक शब्द काढला नाही. फक्त आपली दुभंगलेली जीभ बाहेर काढून दाखवली.

"घोरपड आली! घोरपड आली!"

घंटा वाजली. दारं मोकळीच होती. गव्यानं सांबररावांना पाठीवर घेतलं. शास्त्रीबुवा आंधळ्यासारखे उडाले आणि डॉ. भेकर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, घसा फोडून भुंकले. पेज शिजून होण्याआधी सगळा दवाखाना ओढ्यापलीकडच्या कातळावर होता. गंमत म्हणजे डॉक्टरांच्या शिंगाला मानपत्रही होतं.

थोड्याच वेळात वणवा आला आणि रिकामा दवाखाना घेऊन गेला.

"बघितलंत?" कातळावरून शास्त्रीबुवा म्हणाले. "ती आली आणि मागोमाग जळालं! या वेळी तर बोललीसुद्धा नाही, नुसती आली. पुढच्या वर्षी तिला पाचपैकी सहा गुण द्या."

बाई कड्यावर परतल्या. पिल्लं वाटच बघत होती.

"आई, ते सगळे तुला बघून पळाले?"

"हो."

"तू त्यांना काही केलं होतंस?"

बाईंनी कातळाकडे पाहिलं. सांबरराव गव्याशी भांडत होते, म्हणजे ते ठणठणीत होते. तात्या तेवढे काटे उभारून इकडे बघत होते. त्यांचा तो नमस्कार असावा.

"वाचवलं होतं," बाई म्हणाल्या. "आता पेज प्या. पुढच्या चैत्रात पुन्हा जायचंय."

तात्पर्य: मुलांनो, संकटाचं नाव कधी घेऊ नये. नाव घेणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आग विझवायच्या आधी त्यालाच विझवतात. त्यापेक्षा जमलं तर स्वतःच संकट व्हावं. लोक निदान वेळेवर पळतात तरी.